तीन वर्षांचे मासिक आणि एक माफीनामा : माधवराव सप्रे यांचे जीवन

जानेवारी 1900 मध्ये हिंदी भाषेत दोन मासिके सुरू झाली. पहिले अलाहाबादचे ‘सरस्वती’. त्याच्यामागे इंडियन प्रेससारखा सुसज्ज छापखाना होता, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा पाठिंबा होता आणि पाच नामवंतांचे संपादक मंडळ होते. दुसरे ‘छत्तीसगढ मित्र’. ते निघाले बिलासपूर जिल्ह्यातील पेंड्रा या जंगलपट्टीतील आडवळणाच्या गावातून. तेथे छापखाना नव्हता, वाचकवर्ग नव्हता, धनिक आश्रयदाताही नव्हता. होते ते तीन मराठीभाषक तरुण : संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, तसेच प्रकाशक वामन बळीराम लाखे. ‘सरस्वती’ पुढे दीर्घकाळ चालले आणि हिंदी साहित्याच्या इतिहासात त्याच्या नावाने एक पर्व ओळखले जाते. ‘छत्तीसगढ मित्र’ तीन वर्षांत बंद पडले. तरीही आधुनिक हिंदी गद्याची, विशेषतः कथा आणि समीक्षा यांची, जडणघडण सांगताना या अल्पायुषी मासिकाला वगळता येत नाही.

माधवराव सप्रे यांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, ही मध्य प्रांतातील असंख्य मराठी कुटुंबांची स्थिती या घराचीही होती. कुटुंब बिलासपूरला आले आणि माधवरावांचे प्राथमिक शिक्षण तेथे झाले. पुढे रायपूरच्या शाळेत नंदलाल दुबे यांच्यासारखे शिक्षक लाभले आणि हिंदीची गोडी लागली. महाविद्यालयीन शिक्षण मात्र सलग झाले नाही. जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशी भ्रमंती करत अखेर 1898 मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले.

त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळे, आणि मध्य प्रांतात तर पदवीधरच मोजके होते. माधवरावांनी ती वाट नाकारली. पेंड्र्याच्या जमीनदार घराण्यातील राजकुमाराचे शिक्षक म्हणून त्यांनी दरमहा 50 रुपयांवर काम पत्करले. या वेतनातून वाचवलेल्या रकमेवरच ‘छत्तीसगढ मित्र’चा पाया घातला गेला.

मासिकाचा संसार कसा चालत असेल, याची कल्पना त्याच्या भूगोलावरून येते. मजकूर पेंड्र्यात तयार होई. छपाई सुरुवातीला रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये आणि नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये होई. म्हणजे लेखन, मुद्रितशोधन आणि टपाल या तिन्ही कामांमध्ये शेकडो मैलांचे अंतर होते. ज्या प्रदेशाच्या नावाने हे मासिक निघत होते, त्या छत्तीसगढमध्ये तोवर उल्लेखनीय नियतकालिक नव्हते आणि पैसे देऊन मासिक घेण्याची सवयही रुजलेली नव्हती. पहिल्या वर्षी तोटा आला, दुसऱ्याही वर्षी आला. आजच्या लघुनियतकालिकांच्या चालकांना हा जमाखर्च अपरिचित वाटणार नाही.

अशा मासिकाने वाचकांची मर्जी सांभाळत रंजक मजकूर दिला असता, तर कोणी दोष दिला नसता. सप्रे यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी पुस्तक परीक्षणाला मासिकात मानाचे स्थान दिले. तत्कालीन हिंदीत पुस्तकाची दखल बहुधा दोन ओळींच्या पोचपावतीने किंवा भरमसाट स्तुतीने घेतली जाई. ‘छत्तीसगढ मित्र’ने ग्रंथाची भाषा, विषय, रचना आणि दोष यांचा तपशीलवार विचार करण्याचा पायंडा पाडला. श्रीधर पाठक यांच्यासारख्या प्रतिष्ठित कवीच्या काव्याचेही सविस्तर परीक्षण त्यात झाले. हिंदी व्याकरणकार म्हणून पुढे ख्यातनाम झालेले कामताप्रसाद गुरू या मासिकाच्या लेखकांपैकी होते. हिंदीत आधुनिक समीक्षेचा आरंभ शोधणारे अभ्यासक सप्रे यांच्या परीक्षणांपाशी थांबतात, ते याच कारणाने.

एप्रिल 1901 च्या अंकात सप्रे यांची एक छोटी कथा आली, ‘एक टोकरी भर मिट्टी’. जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि शेजारच्या गरीब विधवेची झोपडी आड येते. वकिलांच्या मदतीने तो ती बळकावतो. म्हातारी नातीसाठी चूल घालायला झोपडीतली एक टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्याचाच हात लावण्याची विनंती करते. टोपली त्याच्याने उचलत नाही. मग ती त्याला एवढेच विचारते, की एका टोपलीचे ओझे सोसवत नाही, तर साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार. दोन-अडीच पानांची ही गोष्ट. जमीनदारी असलेल्या गावी, एका जमीनदाराच्या घरी शिकवणी करणाऱ्या संपादकाने ती लिहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे धाडस कळते. ती अनेक दशके विस्मृतीत होती. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सारिका’ मासिकातून ती पुन्हा वाचकांसमोर आली आणि हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती, या वादात तिचे नाव आग्रहाने घेतले जाऊ लागले. किशोरीलाल गोस्वामी, रामचंद्र शुक्ल आणि बंगमहिला यांच्या कथांचेही दावेदार आहेत आणि हा वाद निर्णायकपणे मिटलेला नाही. मात्र आशयाचा विचार केला, तर परकीय कथानकाची छाया नसलेली आणि थेट भूमीच्या प्रश्नाला भिडणारी ही कथा त्या यादीत वेगळी उठून दिसते.

डिसेंबर 1902 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ बंद झाले. सप्रे नागपूरला देशसेवक प्रेसमध्ये काम करू लागले. नागरी प्रचारिणी सभेने वैज्ञानिक परिभाषेचा कोश हाती घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांच्याकडे आले. त्याच विषयावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले होते. महावीरप्रसाद द्विवेदी याच विषयावर लिहीत आहेत असे समजल्यावर त्यांनी आपले हस्तलिखित द्विवेदींच्या स्वाधीन केले. द्विवेदींचा ‘संपत्तिशास्त्र’ हा ग्रंथ 1908 मध्ये निघाला. सप्रे यांचे पुस्तक त्यांच्या नावाने निघालेच नाही.

1906 मध्ये नागपुरातून त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा द्विवेदींनी केलेला अनुवाद तिच्यातून प्रसिद्ध झाला. स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावरील सप्रे यांचा निबंधही तिच्यातच आला आणि पुढे सरकारने तो जप्त केला. वंगभंगानंतरचा तो काळ होता. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचावेत, या हेतूने 13 एप्रिल 1907 रोजी सप्रे यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ साप्ताहिक काढले. साहित्याचा संपादक आता राजकारणाच्या ऐन धगीत उभा होता.

22 जुलै 1908 रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर एका महिन्याने, 22 ऑगस्ट रोजी, सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्याच सुमारास ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही पकडले गेले. सप्रे काही महिने कोठडीत होते. बाहेर कुटुंबाची दैना चालली होती. वडिलांच्या जागी असलेले थोरले बंधू बाबूराव यांनी माफीनाम्यावर सही करण्याचा टोकाचा आग्रह धरला. सही न झाल्यास आपण जिवाचे बरेवाईट करून घेऊ, इथवर गोष्ट गेली. सप्रे यांनी सही केली आणि त्यांची सुटका झाली.

या माफीची गोष्ट त्यांच्या गौरवपर चरित्रांत अनेकदा दोन वाक्यांत उरकली जाते. परंतु तिच्याशिवाय पुढचे सप्रे समजत नाहीत. ज्याने इतरांना निर्भय होण्यास सांगितले, तोच शासनापुढे वाकला, असे लोक म्हणू लागले. त्याहून कठोर निवाडा त्यांनी स्वतःविषयी केला. त्यांनी सार्वजनिक जीवन सोडले. समर्थ संप्रदायातील श्रीधर विष्णू परांजपे यांना गुरू मानून ते वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर राहिले. बी. ए. झालेला, एका साप्ताहिकाचा संपादक असलेला हा माणूस तेथे दारोदार मधुकरी मागत होता. घरच्यांनी मात्र त्यांची सुटका मधुकरीसाठी मागितली नव्हती. त्यांच्या वाट्याला ही आणखी एक परवड आली.

या प्रायश्चित्तातून ते बाहेर आले तेही लेखणी हाती घेऊनच. रामदासांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. रायपूरला परतल्यावर त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी कन्या पाठशाळा सुरू केली. मग टिळक मंडालेहून परतले आणि 1915 मध्ये ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. या ग्रंथाच्या हिंदी अनुवादासाठी निवड झाली ती सप्रे यांची. ज्याच्या माफीचा डंका शासनाने पिटला, त्याच माणसाच्या हाती टिळकांनी तुरुंगात लिहिलेला ग्रंथ आला. या घटनेवर वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही. अनुवाद थोड्याच अवधीत प्रसिद्ध झाला आणि हिंदी प्रदेशांतील कित्येक पिढ्यांनी टिळकांची गीता सप्रे यांच्या शब्दांत वाचली. चिंतामण विनायक वैद्य यांचे महाभारतविषयक मराठी विवेचनही त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ या नावाने हिंदीत आणले.

पुन्हा संपादकपद मात्र त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. 1920 मध्ये जबलपुरातून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत सप्रे अग्रभागी होते, पण संपादकाच्या जागी त्यांनी तरुण माखनलाल चतुर्वेदी यांना बसवले. चतुर्वेदी पुढे हिंदीतील थोर राष्ट्रीय कवी ठरले. 1924 मध्ये देहरादून येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रे यांना मिळाले. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाला हिंदीने दिलेला हा मान होता.

23 एप्रिल 1926 रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची 55 वर्षेही पूर्ण केली नव्हती. मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे यांनी असहकार आंदोलनात रायसाहेब ही पदवी परत केली होती आणि रायपूरच्या सहकारी चळवळीत ते पुढेही दीर्घकाळ कार्यरत राहिले. भोपाळमध्ये 1984 मध्ये सप्रे यांच्या नावाने वृत्तपत्र संग्रहालय स्थापन झाले. देशभरातील जुन्या, बंद पडलेल्या नियतकालिकांच्या फायली तेथे जतन केल्या जातात.