मनातली भीती झाडणारे गाडगेबाबा

वऱ्हाडात अनेक गावांत जुनी पडकी गढी असते. तेथे भूत राहते, असे लोक म्हणत. रात्री तिकडे कोणी फिरकत नसे. लोकांच्या मनातली ही भीती घालवण्यासाठी गाडगेबाबा आयुष्यभर झटले.

त्यांचे मूळ नाव डेबूजी. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुटुंबात झाला. ते लहान असतानाच दारूच्या व्यसनाने त्यांचे वडील वारले. आई त्यांना घेऊन अकोला जिल्ह्यातील दापुरे या गावी माहेरी आली. घर बुडवणारे भूत पडक्या गढीत नसते, ते दारूत असते, हे त्या मुलाने स्वतः अनुभवले. पुढे मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण दिले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन ते एकटेच गावोगाव फिरले. रात्र होईल तेथे ते निजत. अंधाराला ते भ्याले नाहीत. दिवसा ते गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. भूतबाधा, नवस आणि पशुबळी खोटे आहेत, कर्ज काढू नका, मुलांना शिकवा, असे ते लोकांना समजावत.

पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी मोठ्या धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र ते साध्या झोपडीत राहत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले. खराट्याने त्यांनी रस्ते झाडले आणि कीर्तनाने माणसांची मने.