वकिलांचा चित्रकार ओनोरे दोमिए

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ओनोरे दोमिएला ती लहानपणीच चढावी लागली, तीही पोटासाठी. त्याचा जन्म २६ फेब्रुवारी १८०८ रोजी फ्रान्समधल्या मार्सेय शहरातला. वडील काचा बसवण्याचे काम करीत, पण त्यांना कवी व्हायचे होते. त्या ओढीने ते पॅरिसला गेले आणि १८१६ मध्ये बायकामुलेही तिथे आली. कवितेवर घर चालेना, तेव्हा कोवळ्या वयातच ओनोरे एका बेलिफाकडे निरोप्या म्हणून लागला. कागदपत्रे पोचवता पोचवता न्यायालयाचे आवार, तिथले काळे झगे आणि बाकावर ताटकळणारे पक्षकार त्याने पाहून घेतले.

पुढे तो शिळाछपाई शिकला. आपल्याकडे जुन्या पोथ्या शिळाप्रेसवर निघत, त्याच जातीचे हे काम. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. शाई रेषेला धरते, ओल्या जागेला धरत नाही. प्रती भराभर निघत असल्यामुळे वृत्तपत्रांना हे तंत्र फार सोयीचे होते.

शार्ल फिलिपों या संपादकाने दोमिएला हाताशी धरले. १८३१ च्या अखेरीस त्याने राजा लुई फिलिपला अवाढव्य खादाड राक्षसाच्या रूपात काढले. गरिबांच्या पैशाच्या टोपल्या फळीवरून थेट राजाच्या तोंडात जात आहेत आणि खालून मानपत्रे पडत आहेत, असे ते चित्र. त्यासाठी सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. बेलिफाचा पोऱ्या आता आरोपी म्हणून न्यायाधीशासमोर उभा राहिला होता.

१८३५ मध्ये चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी घेण्याचा कायदा आला आणि राजकीय व्यंगचित्रांची वाट बंद झाली. दोमिए मग समाजाच्या रीतिभातींकडे वळला. ‘शारिव्हारी’ या दैनिकात १८४५ ते १८४८ या काळात त्याची न्यायालयातल्या मंडळींवरची चित्रमालिका आली. तिच्यातल्या एका चित्रात खटला हरलेल्या अशिलाची वकील समजूत काढतो की, निदान माझे भाषण ऐकण्याचे सुख तर तुम्हाला मिळाले! दुसऱ्यातला वकील मोठ्या आवेशाने बोलतो आहे. त्याची खात्री पटली आहे ती मात्र एवढ्याचीच, की अशील पैसे चांगले देईल. चित्रांखालच्या ओळी बहुधा दुसरेच कोणी लिहीत. पण आम्हाला वाटते, ओळ झाकली तरी चित्र बोलतेच. फुगलेली छाती, वर गेलेली भुवई, झग्याची ऐटदार घडी आणि शेजारी दबून उभी असलेली विधवा, एवढे पुरते. कोर्टात भांडणारे दोन वकील बाहेर येताच गप्पांत रमतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. आपल्या मंडळातल्या वकील सभासदांनी रागावू नये. आज जगभर वकिलांच्याच कचेऱ्यांत ही चित्रे हौसेने लावलेली दिसतात.

त्याने सुमारे ४,००० शिळाचित्रे काढली, तरी हातात पैसा कधी टिकला नाही. १८६० मध्ये ‘शारिव्हारी’ने त्याला काढून टाकले आणि तीन-एक वर्षांनी परत बोलावले. मधल्या काळात तो तैलरंगांत रमला, पण त्या चित्रांना गिऱ्हाईक कमीच. १८७० मध्ये सरकारने देऊ केलेला मोठा सन्मान त्याने गाजावाजा न करता नाकारला. पुढे दृष्टी जाऊ लागली. पॅरिसजवळच्या व्हाल्मोंद्वा गावात घराची अडचण आली, तेव्हा कोरो हा चित्रकार मित्र मदतीला धावून आला.

१८७८ मध्ये चाहत्यांनी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. व्हिक्टर ह्यूगो त्याचे मानाचे अध्यक्ष होते. प्रदर्शनाचा खर्चसुद्धा निघाला नाही. पुढच्याच फेब्रुवारीत दोमिए व्हाल्मोंद्वातच वारला. नंतर त्याचे अवशेष पॅरिसच्या पेर-लाशेज दफनभूमीत, कोरोच्या जवळ, नेण्यात आले.