हजरजबाबी ऑस्कर वाइल्ड

मंडळाच्या बालवर्गात एकदा मी मुलांना 'द हॅपी प्रिन्स' ही गोष्ट मराठीतून सांगितली. राजपुत्राचा पुतळा आपल्या तलवारीचे माणिक, डोळ्यांतील नीलमणी आणि अंगावरचा सोन्याचा पत्रा गोरगरिबांना वाटून टाकतो, आणि त्याच्यासाठी निरोप पोचवणारी पाकोळी शेवटी थंडीने मरते. गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारले, ही गोष्ट लिहिणाऱ्याला स्वतःची मुले होती का? दोन होती, एवढेच मी म्हणाले. पुढचे सांगण्याचे ते वय नव्हते. ते आज येथे आपल्यापुढे ठेवते.

ऑस्कर वाइल्डचा जन्म १६ ऑक्टोबर १८५४ रोजी आयर्लंडमधील डब्लिन शहरी झाला. वडील सर विल्यम हे डोळ्यांचे व कानांचे नामांकित शल्यविशारद. आई जेन ही स्पेरांझा ह्या टोपणनावाने इंग्रजी सत्तेविरुद्ध जळजळीत कविता लिहिणारी बाई. तिच्या घरी विद्वानांची बैठक भरे आणि मुलांना कोपऱ्यात बसून ऐकण्याची मुभा असे. बोलण्याची कला ऑस्करने ह्या बैठकीत उचलली असावी. त्याच घरात त्याने कोर्टही पाहिले. १८६४ साली आईवर एका तरुणीने अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तरुणीला भरपाई मिळाली ती अवघी एक फार्दिंग, परंतु खर्चाचा बोजा मात्र वाइल्ड कुटुंबावर पडला. तेव्हा ऑस्कर दहा वर्षांचा होता. अब्रूचा दावा जिंकणाऱ्यालाही कसा महाग पडतो हा धडा तो पुढे विसरला, असे म्हणावे लागते.

डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि नंतर ऑक्सफर्ड येथे त्याने विद्येत मोठे यश मिळवले. १८७८ साली काव्याचे मानाचे न्यूडिगेट पारितोषिकही त्याला लाभले. पुढे तो लंडनला आला, तेव्हा हाती फारसे पुस्तक नव्हते, पण जिभेवर सरस्वती होती. लांब केस, मखमली कोट आणि सौंदर्याची थोरवी गाणारे त्याचे बोलणे ह्यांची वर्तमानपत्रांनी टिंगल केली. त्या टिंगलीनेच तो प्रसिद्धीस आला. १८८२ साली व्याख्याने देण्यासाठी तो अमेरिकेस गेला आणि जवळजवळ वर्षभर तेथे फिरला. खाणकामगारांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्वांनी त्याला ऐकले.

२९ मे १८८४ रोजी त्याने कॉन्स्टन्स लॉइड हिच्याशी विवाह केला. चेल्सी भागातील टाइट स्ट्रीटवर दोघांनी हौसेने घर सजवले. १८८५ साली सिरिल व १८८६ साली व्हिव्हियन असे दोन मुलगे झाले. कॉन्स्टन्स ही केवळ नाटककाराची बायको नव्हती, हे आपण भगिनींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्त्रियांचा श्वास कोंडणाऱ्या घट्ट पोशाखाविरुद्ध चळवळ करणाऱ्या संस्थेचे पत्र ती संपादन करी. मुलांसाठी तिने गोष्टींचे पुस्तकही लिहिले.

ऑस्करनेही १८८७ ते १८८९ ह्या काळात स्त्रियांचे एक मासिक चालवले. त्याच्या नावातला 'लेडी' हा शब्द काढून त्याने 'वुमन' हा शब्द घातला. स्त्रिया काय नेसतात ह्यापेक्षा त्या काय विचार करतात हे छापावे असा त्याचा आग्रह होता. फॅशनची पाने त्याने मागे ढकलली आणि शिक्षण व नोकरी ह्या विषयांवरचे लेख पुढे आणले. आई आणि पत्नी दोघींनीही त्यात लिहिले. तथापि कचेरीचा त्याला लवकरच कंटाळा आला.

त्याची खरी जागा रंगभूमी. १८९२ साली 'लेडी विंडरमिअर्स फॅन', १८९३ साली 'अ वुमन ऑफ नो इंपॉर्टन्स' आणि १८९५ च्या जानेवारीत 'अ‍ॅन आयडिअल हजबंड' अशी एकामागून एक नाटके गाजली. रूढ म्हण घ्यायची, ती उलटी करायची आणि लोक हसू लागले की तीच जास्त खरी वाटावी, ही त्याची हातोटी. पण हसता हसता तो मर्मावर बोट ठेवी. एका नाटकात मुलीची अब्रू राखण्यासाठी आई स्वतःची अब्रू गमावते. दुसऱ्यात कुमारी माता जन्मभर कलंक वाहते आणि तिला फसवणारा पुरुष मात्र दिवाणखान्यात मानाने मिरवतो. समाज स्त्रीला एक आणि पुरुषाला एक असा न्याय लावतो, हे त्याने त्याच समाजाला तिकीट काढून पाहायला लावले.

१४ फेब्रुवारी १८९५ रोजी 'द इंपॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' रंगभूमीवर आले. खोटे नाव घेऊन दुहेरी आयुष्य जगणाऱ्या दोन तरुणांची ही मौज. लेखकाचेही आयुष्य दुहेरीच होते, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते. १८९१ पासून लॉर्ड आल्फ्रेड डग्लस ह्या तरुण सरदारपुत्राशी त्याचे प्रेमसंबंध जडले होते. इतर तरुणांशीही संबंध होते. घर मागे पडले होते आणि कॉन्स्टन्स वाट पाहत होती. पहिल्या प्रयोगानंतर चारच दिवसांनी डग्लसच्या वडिलांनी ऑस्करच्या क्लबात आरोपाची चिठ्ठी ठेवली. ती फाडून टाकायची, तर ऑस्करने उलट अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली.

एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. उलटतपासणी करणारा एडवर्ड कार्सन हा त्याचा ट्रिनिटीतलाच सहाध्यायी. पहिल्या दिवशी ऑस्करच्या प्रत्येक उत्तरावर कोर्ट हसत होते. मग एका नोकर मुलाचे चुंबन घेतले होते काय, असा सरळ प्रश्न आला. नाही म्हणून थांबण्याऐवजी, तो मुलगा दिसायला चांगला नव्हता अशा अर्थाचा विनोद त्याने केला. कार्सनने तो विनोद घट्ट धरला आणि पुन्हा पुन्हा विचारून त्याला घायकुतीस आणले. जन्मभर ज्या जिभेने तारले, तिनेच त्या दिवशी बुडवले.

दावा फसला आणि ५ एप्रिलला त्यालाच अटक झाली. मुलींच्या रक्षणासाठी १८८५ साली झालेल्या कायद्यात पुरुषांमधील संबंधांना शिक्षा देणारे एक कलम घुसडलेले होते. त्याखाली २५ मे रोजी त्याला दोन वर्षे सक्तमजुरी झाली. नाटके चालू होती, पण जाहिरातींवरून लेखकाचे नाव पुसले गेले. टाइट स्ट्रीटच्या घराचा लिलाव झाला. त्यात पुस्तकांबरोबर मुलांची खेळणीही गेली.

कॉन्स्टन्स दोन्ही मुलांना घेऊन परदेशी गेली. स्वित्झर्लंडमध्ये एका हॉटेलात नाव कळताच त्यांना निघून जाण्यास सांगण्यात आले. तेव्हा तिने वाइल्ड हे आडनाव टाकून आपल्या घराण्यातले हॉलंड हे नाव घेतले. तरीही १८९६ च्या फेब्रुवारीत ऑस्करची आई वारली, तेव्हा ती बातमी परक्या तोंडून त्याला कळू नये म्हणून आजारी कॉन्स्टन्स इटलीतून रेडिंगच्या तुरुंगापर्यंत स्वतः आली. दोघांची ती शेवटची भेट ठरली.

१९ मे १८९७ रोजी तो सुटला. सुटल्याबरोबर वर्तमानपत्रात त्याने जे पत्र लिहिले ते स्वतःविषयी नव्हते. तुरुंगात डांबलेल्या लहान मुलांचे हाल आणि भुकेल्या मुलाला बिस्किटे दिली म्हणून बडतर्फ झालेला पहारेकरी ह्यांविषयी ते होते. पुढे तुरुंगावरचे त्याचे दीर्घकाव्य १८९८ साली निघाले, त्यावर लेखकाचे नाव म्हणून कोठडीचा क्रमांक छापला होता. तो पुन्हा डग्लसकडे गेला, आणि मुलांचे तोंड त्याला पुन्हा दिसले नाही. ७ एप्रिल १८९८ रोजी जिनोआ येथे शस्त्रक्रियेनंतर कॉन्स्टन्स वारली. ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या एका साध्या हॉटेलात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ऑस्करही गेला. सिरिल १९१५ साली महायुद्धात पडला. धाकट्या व्हिव्हियनने १९५४ साली आठवणी लिहिल्या आणि आपण कोणाचा मुलगा हे पुस्तकाच्या नावातच सांगितले.

काळ हळूहळू फिरला. १९९५ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत कवींच्या कोपऱ्यात त्याचे नाव काचेवर कोरले गेले. २०१७ साली ब्रिटनने अशा कायद्यांखाली शिक्षा झालेल्या हजारो मृत पुरुषांना माफी दिली, त्यात तोही होता. इंग्रजांनी आपल्याकडे १८६० साली आणलेल्या ३७७ व्या कलमातून सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले.

ऑस्करने पत्नीला फसवले, हे मी झाकत नाही. परंतु त्याच्या दोषाला घरात जी शिक्षा व्हायची ती झालीच असती. सरकारने दिलेली शिक्षा एका निरपराध बाईने आणि दोन लेकरांनी त्याच्याबरोबर भोगली. जिनोआतील कॉन्स्टन्सच्या थडग्यावर ती कोणाची मुलगी एवढेच लिहिलेले होते. १८९९ साली ऑस्कर तेथे गेला, तेव्हा त्या दगडावर त्याला आपले नाव कोठेच दिसले नाही. ऑस्कर वाइल्डची पत्नी हे शब्द त्यावर १९६३ साली कोरले गेले. तोवर तिला जाऊन पासष्ट वर्षे झाली होती.