धारपांची ‘शपथ’ आणि आमची शपथ

मैत्रिणींनो, रात्री एकटीने पुस्तक वाचताना मागच्या दाराची कडी नीट लागली आहे ना, हे बघायला तुम्ही कधी उठला आहात? मी कितीदा तरी उठले आहे. त्याला कारण एकच माणूस, नारायण धारप.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली ही गोष्ट. मी आठवीत होते. गावात दिवे कमी आणि जंगल अगदी जवळ. चंद्रपूरला शिकणारा मामा सुटीत येताना वाचनालयाची पुस्तकं आणायचा, त्यात धारप हमखास असायचे. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, आम्ही तिघी धानाच्या कणगीमागे बसून ती वाचायचो. आईला वाटायचं, पोरी अभ्यास करताहेत!

हा भुताखेतांचा लेखक शिकलेला मात्र रसायनशास्त्र. 27 ऑगस्ट 1925 चा त्यांचा जन्म. रसायन तंत्रज्ञानातली पदवी घेतली, काही काळ आफ्रिकेतही काढला. पुढे लेखणी हाती धरली ती शंभराहून जास्त पुस्तकं होईपर्यंत. वाईट शक्तींशी शांतपणे झुंजणारा त्यांचा ‘समर्थ’ तर घराघरांत ओळखीचा झाला. ‘चेटकीण’, ‘लुचाई’, ‘अनोळखी दिशा’ ही नावं वाचनालयाच्या वहीत पुन्हापुन्हा लिहिली जायची. भुतांबरोबर त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, हे मात्र फार जणींना माहीत नसतं.

त्यांची भीती लांबच्या किल्ल्यात राहात नाही. ती आपल्यासारख्याच घरात येते. भाड्याची खोली, जुना वाडा, माळ्यावरची पेटी, आजारी आजी. आधी सगळं रोजच्यासारखं चाललेलं असतं, मग एखादीच गोष्ट जागची हललेली दिसते. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग या अमेरिकन लेखकांच्या कथा त्यांनी अशा काही मराठी मातीत रुजवल्या, की त्या परक्या वाटल्याच नाहीत.

‘शपथ’ ही कादंबरी त्यातलीच. किंगची ‘इट’ 1986 ची. लहानपणी सात सवंगडी गावातल्या एका भयंकर गोष्टीशी लढतात, पुन्हा गरज पडली तर परत येऊ अशी शपथ घेतात आणि 27 वर्षांनी खरंच परततात. त्याच बीजावर धारपांनी ‘शपथ’ उभी केली. बालपणीचे मित्र, त्यांनी पुरून टाकलेलं गुपित, आणि मोठेपणी त्याच्यासमोर पुन्हा उभं राहणं.

मी ती लग्नानंतर वाचली. पोरं झोपली होती. निम्म्यात पुस्तक मिटलं आणि रडायला लागले. यांना काही कळेना, काहून रडते म्हणून. कारण आमच्या तिघींचंही एक गुपित होतं.

गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. आम्हाला टेंभरं द्यायची. एका उन्हाळ्यात शेजारचं लेकरू तापाने गेलं आणि कुजबूज सुरू झाली. आम्ही तिघी धारप वाचून भारलेल्या! विहिरीवर बायकांसमोर फुशारकीने सांगून बसलो, की तिच्या घरी अर्ध्या रात्री दिवा जळताना आम्ही पाहिला. पाहिला होता, हे खरंच. पण तो कशासाठी, हेही आम्हाला माहीत होतं. मोहफुलं पहाटे गळतात, ती वेचायला म्हातारी अंधारातच दिवा घेऊन निघायची. तेवढं मात्र आम्ही सांगितलं नाही. लोकांनी तिला विहिरीवर येऊ देणं बंद केलं. महिन्याभरात ती गाव सोडून गेली. त्याच मोहाच्या झाडाखाली आम्ही शपथ घेतली, की हे कुणालाही सांगायचं नाही.

यात धारपांचा दोष नाही. त्यांची चेटकीण पुस्तकात होती, गावात शोधायला निघालो आम्ही. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तरी ऑगस्ट 2021 मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना बांधून मारलं. ती बातमी वाचली, आणि मी दोघींनाही फोन लावला.

दिवाळीनंतरच्या मंडईला आम्ही गावी जमलो. रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं, पण आम्ही गेलो नाही. म्हातारीच्या पुतण्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ती कधीच वारली होती. पुतण्या बराच वेळ गप्प बसला. त्याची बायको आत गेली, चहा घेऊन आली. माफी मिळाली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

धारप 18 ऑगस्ट 2008 ला गेले. 83 वर्षं पुरी व्हायला नऊच दिवस उरले होते. त्यांच्या गोष्टी मात्र अजून तोंडोतोंडी चालतात. 1993 मध्ये आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने रात्री एक गोष्ट सांगितली, ती राही बर्वे यांच्या डोक्यात रुजली आणि 2018 मध्ये ‘तुंबाड’ सिनेमा झाला. मूळ गोष्ट धारपांची होती, हे त्यांना मागाहून कळलं. 2025 मध्ये धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली.

माझी लेक आता तीच पुस्तकं वाचते. मी अडवत नाही. कडी लावायला उठते, तेव्हा हसते. फक्त एवढंच सांगते, की बाई, पुस्तक मिटलं की भूत त्यातच राहू दे. आणि शेजारच्या म्हातारीच्या घरी रात्री दिवा दिसला, तर जाऊन विचार, काही हवं का म्हणून.