सोबत मिळाली की डोंगर सोपा

बचत गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ‘कुठे जायचं’ हा नसतोच. ‘कोण कोण येणार’ हा असतो. ती येणार असेल तर मी येते, सासूबाईंना विचारून सांगते, मुलांना कुणाकडे ठेवायचं, गाडी कोण चालवणार, चालवणारा ओळखीचा आहे ना, अशी चर्चा तासभर चालते. घरातली पुरुषमंडळी त्याला हसतात. पण मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काही नाही. डोंगरातल्या प्रवासात ठिकाणापेक्षा सोबत महत्त्वाची असते. हे ज्यांनी आयुष्यभर जगून दाखवलं, ते आपल्या मावळातच, तळेगाव दाभाड्याला राहत होते. गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचे गोनीदा. जवळची माणसं त्यांना अप्पा म्हणत.

‘शितू’, ‘पडघवली’ या त्यांच्या कादंबऱ्या आपल्यापैकी पुष्कळ जणींनी गावच्या वाचनालयातून आणून वाचल्या असतील. दुपारची कामं आटोपल्यावर वाचायला घ्याव्यात आणि चहाची वेळ टळून जावी, अशी ती पुस्तकं. ती लिहिणारा माणूस मात्र शाळेत सातवीच्या पुढे गेला नव्हता, हे किती जणींना माहीत आहे?

गोनीदांचा जन्म 8 जुलै 1916 चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. देशात स्वातंत्र्याच्या चळवळीचं वारं होतं. बारा-तेरा वर्षांच्या गोपाळच्या डोक्यात ते शिरलं आणि शाळा सोडून, घर सोडून तो निघाला. चळवळीत पडायचं, एवढंच त्याला ठाऊक. कुठे जायचं, कुणाबरोबर जायचं, रात्री निजायचं कुठे, काही ठरलेलं नव्हतं. वाचताना आपल्याला त्याच्या धाडसाचं कौतुक वाटतं. पण एवढंसं पोर न सांगता निघून गेलं तेव्हा घरी त्याच्या आईच्या पोटात काय कालवाकालव झाली असेल, तेही आपल्याच मनात येतं. तेव्हा फोन नव्हते. पत्र आलं तर आलं.

वाटेवर एकटं पोर सापडलं की त्याचं काय होईल, हे कुणाची गाठ पडते त्यावर असतं. या पोराचं नशीब थोर, त्याला गाडगे महाराज भेटले. हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर, अंगावर चिंध्या शिवलेले कपडे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची, असा तो फिरता संत. त्यांच्याबरोबर गोपाळ गावोगाव हिंडला, त्यांचा संदेश सांगत राहिला. धर्मशाळा, नदीचा घाट, देवळाची ओवरी हेच घर. मिळेल ती भाकरी खायची, जिथे मुक्काम तिथली जागा झाडून काढायची आणि गरिबाच्या दारात उभं राहताना आपण पाहुणे आहोत हे विसरायचं नाही, हे शिक्षण त्यांना शाळेत मिळालं नव्हतं. बाबांच्या सोबतीत मिळालं. पुढे मोठेपणी त्यांनी गाडगे महाराजांचं चरित्र लिहिलं, ते या जवळिकीतून.

नंतर त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं काम केलं, देशभर भटकंती केली. त्यातली एक वाट म्हणजे नर्मदा परिक्रमा. आता आपल्या ओळखीच्या बायकाही गाडीतून परिक्रमा करून येतात. पंधरा-वीस दिवसांत होते, राहण्या-जेवण्याची सोय असते. तेव्हा ती पायीच करायची. नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून चालत राहायचं, नदी ओलांडायची नाही, जवळ पैसा ठेवायचा नाही, भिक्षेवर जगायचं. अशा वाटेवर आपण निवडलेली सोबत नसते. कुणी बैरागी दोन दिवस बरोबर चालतो आणि आपल्या वाटेने जातो. कुणी माउली ओळखपाळख नसताना शिधा पुढे करते. त्या वाटेवरूनच ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. आपल्याकडे परिक्रमेचं वेड घरोघरी पोचवणाऱ्या पुस्तकांमध्ये ते अगदी आधीचं पुस्तक.

1947 साली, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, गोनीदांनी ठरवलं की आता लिहायचं आणि लिहिण्यावरच जगायचं. तळेगावला बिऱ्हाड झालं. लेखणीवर संसार चालवणं आजही सोपं नाही, तेव्हा तर नव्हतंच. महिन्याचा पगार नाही, हस्तलिखित पुरं होईल तेव्हा चार पैसे येणार. त्यात घरधनी महिन्यातून कधी कुठल्या गडावर जाईल याचा नेम नाही. त्या घराचा कणा म्हणजे त्यांच्या पत्नी नीराताई. गोनीदांची पुस्तकं आपल्या कपाटात असतात, पण घराकडे बघायला नीराताई होत्या म्हणून ती लिहून झाली, हे बायकांनी तरी विसरू नये. डोंगरात बरोबर चालतो तो सोबती असतोच. पण मागे घर धरून ठेवणारं माणूसही सोबतीच असतं. फक्त त्याचं नाव सहलीच्या यादीत येत नाही.

तळेगावची जागा मोठी नामी. एका बाजूला देहू आणि तुकोबांचा भंडारा डोंगर, दुसऱ्या बाजूला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि लोणावळ्याच्या पलीकडे राजमाची. गोनीदांना गडांचं वेड लागलं ते जन्मभराचं. आज आपण द्रुतगती मार्गाने गाडी काढतो आणि तासा-दीड तासात पायथ्याशी पोचतो. तेव्हा आगगाडीने किंवा एसटीने जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि पुढे पायपीट. ते गडावर नुसते चढून-उतरून येत नसत, मुक्काम करीत. राजगडावर त्यांचा विशेष जीव. तिथे ते वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा जात राहिले. गडांची छायाचित्रंही त्यांनी पुष्कळ काढली. ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही त्यांची पुस्तकं वाचून किती तरी तरुण मुलांनी पाठीवर पिशवी टाकली आणि डोंगराची वाट धरली.

लहानपणी एकटा निघालेला हा मुलगा मोठेपणी मात्र एकटा राहिला नाही. त्याने सोबत गोळा केली. तरुण पोरं, मित्र, जाणकार, नवखे, कुणीही. गडावर दगडच तर आहेत, तिथे काय बघायचं, असं म्हणणाऱ्यालाही त्या दगडाची गोष्ट कळली की तो दुसऱ्या खेपेला आपणहून येतो. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे त्यांनी आपल्या लेकीला, वीणाला, बरोबर नेलं. मुलींनी गड चढायचे असतात असं फारसं कुणाच्या मनात येत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. त्याच लेकीने, म्हणजे डॉ. वीणा देव यांनी, पुढे पती विजय देव आणि घरच्यांसह वडिलांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन गावोगाव केलं. नात मृणाल कुलकर्णीही त्यात होती. वीणाताई 2024 मध्ये गेल्या. बापाने लेकीला डोंगराची वाट दाखवली आणि लेकीने बापाचे शब्द गावोगाव पोचवले. सोबतीची अशी परतफेड क्वचितच बघायला मिळते.

गोनीदांचे आणखी एक सोबती होते, त्यांना आपण सहसा मोजतच नाही. ते म्हणजे डोंगरात राहणारी माणसं. ज्यांच्या घोंगडीवर बसायचं, ज्यांच्या घरची भाकरी खायची, ज्यांनी दाखवलेल्या पायवाटेने जायचं, ती माणसं. मग तीच माणसं त्यांच्या कादंबऱ्यांतून उभी राहिली. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही आपल्या पवन मावळातली कादंबरी. तुंग किल्ल्याची पिढीजात हवालदारी सांगणाऱ्या घरातल्या माणसाची ती गोष्ट, 1966 मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. पुढे पवना धरण झालं आणि त्या खोऱ्यातल्या किती तरी गावांची जमीन पाण्याखाली गेली. आज आपण त्या पाण्याच्या काठी तंबू ठोकतो, फोटो काढतो. तिथे कधी काळी कुणाची तरी शेतं होती, चुली पेटत होत्या, हे ती कादंबरी वाचलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ‘माचीवरला बुधा’ हा राजमाचीचा. मुंबईत आयुष्य घालवलेला म्हातारा आपल्या माचीवर परत येतो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांनाच सोबती करतो. ‘जैत रे जैत’ ठाकरांची. डॉ. जब्बार पटेलांनी 1977 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, स्मिता पाटीलची त्यातली भूमिका कोण विसरेल?

मानसन्मानही आले. आत्मकथनपर ‘स्मरणगाथा’ला 1976 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 1981 मध्ये अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या वऱ्हाडातून पोरवयात घर सोडून निघाले, तिथेच साहित्यिकांचे अध्यक्ष म्हणून परतले. 1 जून 1998 रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आपले डोंगर आता गजबजले आहेत. जुलै 2025 मध्ये शिवरायांच्या काळाशी जोडलेले 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपला लोहगड आहे आणि गोनीदांचा लाडका राजगडही. अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच डोंगरांत काय काय घडतं तेही आपण बघतो. जून 2024 मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. जून 2025 मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. कुणाला दोष द्यायचा म्हणून मी हे सांगत नाही. गाड्या भरून माणसं आली म्हणजे सोबत आली असं नसतं, एवढंच सांगायचं आहे. पाणी वाढतंय, आता मागे फिरू या, असं म्हणणारं एक माणूस लागतं आणि त्याचं ऐकणारे बाकीचे लागतात. दहा जणांत असं कुणी नसेल, तर ती नुसती गर्दी.

तेव्हा तीन-चार गाड्या काढून घाटात जायचा बेत ठरत असेल तर यादी करताना गोनीदांची वाट आठवावी. गाडी चालवणारा रात्रीच्या झोपेचा आणि शुद्धीवरचा हवा, हे तर पहिलं. त्याला ‘हळू चालव’ म्हणायला मागच्या सीटवरच्या बाईला संकोच वाटत असेल, तर ती सोबत बरोबर नाही. सगळ्यात हळू चालणारीच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, हे निघण्याआधी बोलून घ्यावं. वाट माहीत असलेला गावातला माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला त्याचे पैसे मानाने द्यावेत. जेवण शक्यतो पायथ्याच्या गावातल्या बाईच्या हातचं घ्यावं. तिच्या चुलीला आधार होतो आणि आपल्याला गावाची चार माणसं कळतात. मे-जून महिन्यात काजवे बघायला राजमाचीला जाणार असाल तर गाडीचे दिवे आणि विजेऱ्या बंद ठेवाव्यात. काजवे एकमेकांना उजेडानेच हाक मारतात, आपल्या झगझगाटात त्यांची हाक हरवते.

आणि एक गोष्ट बायकांच्या बाबतीत. सहलीला गेलं तरी पुष्कळ ठिकाणी बाईच्या वाट्याला पायथाच येतो. पिशव्या सांभाळ, लहान पोराला घेऊन बस, डबे काढून ठेव. बाकीचे वर जाऊन येतात आणि कसं छान होतं ते तिला सांगतात. हे बदलायला हवं. पिशव्या पाळीपाळीने सांभाळता येतात. लोहगडाला चांगल्या पायऱ्या आहेत. मळवली स्टेशनवर उतरून किंवा पायथ्यापर्यंत गाडीने जाऊन, सावकाश चढलं तर साठीतली बाईसुद्धा महादरवाज्यापर्यंत पोचते. निघताना नातीला बरोबर घ्यावं. तिला कुणी तरी गडाची गोष्ट सांगायला हवी ना!

यंदा पाऊस ओसरला की एक यादी करा. तिच्यात आधी सोबतीची नावं लिहा, ठिकाण मागाहून ठरवा. आणि नावं लिहिताना आपलं स्वतःचं नाव शेवटी ‘जमलं तर’ असं लिहू नका. पहिल्या ओळीतच लिहा.