राजमान्य दिनकरराव

९ जानेवारी हा दिवस गोमंतकात आमदारांचा दिवस म्हणून पाळला जातो. १९६४ साली याच दिवशी पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात गोवा, दमण व दीवच्या पहिल्या विधानसभेची पहिली बैठक भरली. लोकांनी निवडून दिलेले तीस सदस्य तेथे एकत्र आले. दयानंद बांदोडकर सभागृहाचे नेते, पां. पु. शिरोडकर सभापती आणि विरोधी बाकांवर डॉ. जॅक सिक्वेरा अशी ती मांडणी होती. त्याच्या बरोबर अडुसष्ट वर्षे आधी, ९ जानेवारी १८९६ रोजी, कोकणच्या मातीतला एक पुरुष दिवंगत झाला होता. हिंदुस्थानच्या कायदेमंडळात बसण्याचा मान मिळालेल्या पहिल्या तीन एतद्देशीयांपैकी तो एक. ग्वाल्हेरचे दिवाण राजा सर दिनकरराव राजवाडे हे त्यांचे नाव. तिथींचा हा योगायोग आहे, आम्ही त्यास अधिक काही मानत नाही. परंतु या दिवशी दिनकररावांचे चरित्र डोळ्यांपुढे आणल्यास आपल्या आमदारांना आपल्या आसनाचे मोल कळेल, असे आम्हांस वाटते.

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचा. शिंद्यांच्या दौलतीत नशीब काढण्यास जाणारी कोकणी व गोमंतकीय माणसे त्या काळी थोडी नव्हती. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा केरकर महादजींच्या पदरी बक्षी झाले, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. राजवाड्यांचे घराणेही असेच ग्वाल्हेरच्या चाकरीत रुजलेले. दिनकरराव वयाच्या पंधराव्या वर्षी तेथील दप्तरात शिरले. हिशेब चोख आणि शब्द मोजका, यामुळे लवकरच एका प्रांताचा कारभार त्यांच्याकडे आला. पोलीस व महसूल या दोन्ही खात्यांची विस्कटलेली घडी त्यांनी तेथे बसवून दाखविली आणि तिशी ओलांडताच दिवाणगिरीची वस्त्रे त्यांच्या अंगावर चढली.

ही वस्त्रे म्हणजे काटेरी मुकुटच होता. १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला, त्यानंतर दौलतीचे कंबरडेच मोडले होते. खजिना रिता, शिपाई बेबंद, रयत जकातींनी पिळलेली आणि गादीवर अल्पवयीन जयाजीराव, अशी ती अवस्था होती. दिनकररावांनी जाचक पट्ट्या उठविल्या, कारभाराचे लिखित नियम घालून दिले, लोकोपयोगी बांधकामे हाती घेतली. पगार कमी केले, आणि त्या कपातीत स्वतःचा पगारही घातला. तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली. काटकसरीचा उपदेश दुसऱ्यास करणारे पुष्कळ भेटतात. तिचा आरंभ आपल्या घरापासून करणारा कारभारी विरळा.

पुढे १८५७ उजाडले. येथे आमची लेखणी अडखळते, आणि ती अडखळावी हेच योग्य. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुरारच्या छावणीत ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज उठली. पुढल्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर चालून आली, तेव्हा शिंद्यांची स्वतःची फौजही त्यांना जाऊन मिळाली. जयाजीराव व दिनकरराव मात्र आग्र्याच्या किल्ल्यात इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्याच महिन्यात ग्वाल्हेरच्या वेशीवर राणीने देह ठेवला. दिवाणाच्या दृष्टीने दौलत वाचविणे हाच धर्म होता, असे त्यांच्या बाजूने सांगता येईल. तरीही ज्या भूमीवर राणी पडली, त्या भूमीचा दिवाण त्या दिवशी परक्यांच्या तटबंदीआड होता, ही गोष्ट कोणाही मराठी मनास सलल्यावाचून राहणार नाही. ती झाकून त्यांचा गौरव करणे आम्हांस मान्य नाही.

इतकी निष्ठा वाहूनही १८५९ च्या डिसेंबरात दिवाणगिरी गेली. जे पद धन्याच्या मर्जीने येते, ते त्या मर्जीबरोबरच जाते. दौलत सावरल्याची पुण्याई तेथे उपयोगी पडत नाही.

त्यानंतरचा अध्याय आमच्या विषयाचा गाभा होय. १८५३ च्या कायद्याने कलकत्त्यास जे बारा जणांचे कायदेमंडळ बसविले, त्यात एकही हिंदी मनुष्य नव्हता. १८६० ची दंडसंहिता मंजूर झाली ती त्याच मंडळात. कोट्यवधी प्रजेच्या गुन्ह्यांची व्याख्या प्रजेपैकी एकालाही न विचारता ठरली. तथापि ते गोरे सभासद मोठे चौकस निघाले. ते सरकारास प्रश्न विचारू लागले, कागदपत्र मागू लागले. विलायतेतील मुत्सद्द्यांना हे खपले नाही. १८६१ च्या कायद्याने त्यांनी दोन गोष्टी एकदम केल्या. मंडळाचे दार हिंदी लोकांस किलकिले केले आणि त्याच वेळी मंडळाचे दात काढून घेतले. सरकारने मांडलेल्या विधेयकापुरते बोलावे. प्रश्न विचारू नये. जमाखर्चाची चर्चा करू नये. जो गव्हर्नर जनरल कारभार हाकी, तोच मंडळाचाही प्रमुख. १८६२ मध्ये पतियाळाचे महाराज, काशीचे राजा देवनारायण सिंह आणि दिनकरराव असे तिघे या मंडळात नेमले गेले. मान मोठा खरा, पण हाती काय? जो दिवाण एका दौलतीचा पैन् पैचा हिशेब घेत असे, त्यास हिंदुस्थानच्या तिजोरीविषयी एक प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची परवानगी मिळाली ती १८९२ च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी.

१८७५ साली बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेर यांस विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप आला. चौकशीसाठी तीन इंग्रज व तीन हिंदी सभासद नेमले गेले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव हे ते तीन हिंदी होत. इंग्रजांनी दोषी म्हटले. तिघा हिंदींनी आरोप शाबीत होत नाही असे मत दिले. सत्तावनला इंग्रजांच्या आश्रयास गेलेल्या दिनकररावांनी या वेळी आपला विवेक त्यांच्या स्वाधीन केला नाही, हे त्यांच्या चरित्रातील मोठे पान आहे. पण परिणाम काय झाला? सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे केले आणि मल्हाररावांना पदच्युत केले. मत मागितले, ऐकून घेतले आणि बाजूस सारले.

आम्ही हे चरित्र सांगतो ते एवढ्यासाठी की, दिनकररावांजवळ जे नव्हते ते सारे आज आमच्या आमदाराजवळ आहे. ग्वाल्हेरच्याच मोतीमहालात पुढे मध्यभारताची विधानसभा भरली. १९४८ साली जयाजीरावांचे नातू जिवाजीराव त्या राज्याचे राजप्रमुख झाले, परंतु कारभार चालवू लागले ते विधानसभेला जबाबदार असलेले मंत्री. घटनेचा हाच दंडक गोव्यासही लागू आहे. मुख्यमंत्री सभागृहाचा नेता असतो तो सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच. प्रश्नोत्तराचा तास, कपातसूचना, अनुदानाच्या मागण्या, अविश्वासाचा ठराव ही सदस्याची शस्त्रे आहेत. सभापती तर कोणाचाच नसतो; तो साऱ्या सभागृहाचा असतो.

मग ही शस्त्रे म्यानात का गंजावीत? २०१९ च्या जुलैत गोव्यात एका पक्षाचे पंधरापैकी दहा आमदार एका झटक्यात सत्तापक्षात गेले. २०२२ च्या सप्टेंबरात अकरापैकी आठ गेले. दोन-तृतीयांशांचा हिशेब जुळला की पक्षांतरबंदीची धार बोथट होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ज्या मतदाराने विरोधात बसण्यासाठी धाडले, त्याला कोणी विचारले? लोकांनी निवडलेला प्रतिनिधी आपल्या पायांनी चालत जाऊन नेमलेला सभासद होतो, याहून मोठी अधोगती कोणती? दिनकररावांना मर्जीचे आसन पत्करावे लागले, कारण त्या काळी दुसरे आसनच नव्हते. आमच्या आमदारांना ती सबब नाही.

दिनकरराव राजमान्य होते. राजाचा किताब, सरदारकी, जहागीर सारे त्यांना मिळाले. मिळाला नाही तो एक मतदार, ज्याला उत्तर द्यावे आणि ज्याच्या बळावर सरकारला उत्तर मागावे. पर्वरीच्या सभागृहातील चाळीसही जणांना तो मिळालेला आहे. येत्या अधिवेशनात आपल्या जागी बसण्यापूर्वी प्रत्येकाने क्षणभर त्याचे स्मरण करावे, एवढीच आमची अपेक्षा.