आकड्यांत रमलेले कापरेकर मास्तर

नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत आयुष्यभर अध्यापन केलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यापाशी ना पदव्युत्तर पदवी होती, ना विद्यापीठातील पद. तरीही जगभरातील गणिताच्या पुस्तकांत आज त्यांचे नाव सन्मानाने घेतले जाते.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांचे मातृछत्र आठव्या वर्षीच हरपले. ज्योतिषाची आवड असलेल्या वडिलांमुळे त्यांना आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक पटकावले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले.

केवळ १ या अंकाने बनलेल्या संख्यांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, तर नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अशा संख्यांना त्यांनी डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, या रेल्वेस्थानकाचे नाव दिले.

वर्ग करताना इतक्या शिस्तीने वागणाऱ्या या संख्यांतील मूळ संख्या मात्र सहजी सापडत नाहीत. ११ ही मूळ संख्या आहे. पण १११ ला ३ व ३७ ने, तर ११,१११ ला ४१ व २७१ ने भाग जातो. यापुढची मूळ संख्या मिळण्यासाठी १ हा अंक थेट १९ वेळा लिहावा लागतो. त्यानंतर २३ आणि ३१७ अंकी संख्यांचा क्रम लागतो. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

१९४९ मध्ये कापरेकरांनी ६१७४ चे गुपित उलगडले. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी. हीच क्रिया पुन्हा पुन्हा केल्यास अधिकाधिक सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास बरोबर सात पायऱ्या लागतात.

अनेक समकालीन भारतीय गणितज्ञांना हे संशोधन क्षुल्लक वाटले. मास्तरांनी खचून न जाता अनेक पुस्तिका स्वखर्चाने छापल्या. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने ते शिकवण्या घेत. अखेर मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे हे मास्तर जगाला ठाऊक झाले.

१९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, १ हा अंक १०३१ वेळा लिहून होणारी संख्या मूळ असल्याची सिद्धता परदेशात प्रसिद्ध झाली. ज्या आकड्यांच्या खेळाला क्षुल्लक ठरविले गेले, त्या खेळातील प्रश्न आजही गणितज्ञांना आव्हान देत आहेत.